लोढणं, दावं आणि टाय

जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटेत वाटूर फाटा लागतो. इथून परतूरला जायचा रस्ता फुटतो, त्यामुळे फाट्यावर दिवसभर माणसं उतरतात, चढतात, नाहीतर नुसतीच उभी राहतात. गाव वाटूर असल्याने या उभं राहणाऱ्यांत सुट्टीत मीही असतो. एप्रिल महिना, पारा चाळीसच्या पुढे, रसवंतीवाल्याचा घुंगरूसुद्धा दमून वाजतोय, अशा वेळी या फाट्यावर टाय घातलेले तीन प्रकारचे प्राणी हमखास दिसतात. पहिला, 'कॉन्व्हेंट'ला जाणारं लेकरू. दुसरा, मोटारसायकलला काळी बॅग अडकवून तालुक्याचे दवाखाने करणारा एम. आर., म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. आणि तिसरा, नवरदेव.

आता गंमत बघा. या तिघांपैकी एकानेही टाय स्वतःच्या मर्जीने घातलेला नसतो. लेकराला शाळेने घातलेला, एम. आर.ला कंपनीने, आणि नवरदेवाला त्याच्या मेव्हण्याने. उलट ज्यांच्याकडे या तिघांचं काही काम अडलेलं असतं त्यांचे गळे बघा. डॉक्टर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. संस्थाचालक पांढऱ्या कडक इस्त्रीत, वरची दोन बटणं उघडी. सासरेबुवा धोतर-टोपीत, नाहीतर सफारीत. तेव्हा टायचा पहिला नियम मी फाट्यावरच शिकलो : ज्याला काहीतरी मागायचं आहे त्याच्या गळ्यात टाय असतो.

टाय म्हणजे इज्जत, साहेबी, रुबाब असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यामुळे हा नियम जरा उलटा वाटेल. म्हणून या वस्तूची थोडी चौकशी करावी म्हटलं. कॅम्पसचा सीझन तोंडावर आलाय, होस्टेलला उपयोगी पडेल.

सुरुवात कॉन्व्हेंटपासून करू, कारण तिथे माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. कॉन्व्हेंट म्हणजे खरं तर ख्रिस्ती जोगिणींचा मठ. पण आपल्या भागात जोगीण नसली, मठ नसला, आणि जवळचं चर्च पन्नास किलोमीटरवर असलं तरी काही बिघडत नाही. पत्र्याचे चार वर्ग बांधा, मुलांच्या गळ्यात टाय अडकवा, झालं कॉन्व्हेंट! मराठवाड्यात टाय हाच मठ आहे. आई-बापालाही ते पटतं, कारण इंग्रजी कितपत शिकवतात हे बापाला तपासता येत नाही, टाय मात्र लांबूनही दिसतो. फी कुठे गेली याची ती पावतीच आहे, आणि लेकरू ती रोज गळ्यात घालून गावभर दाखवतं. म्हणून तर पट टिकवण्यासाठी आता काही जिल्हा परिषद शाळांनीही लोकवर्गणीतून टाय आणि बेल्ट आणले. शिक्षक तेच, शाळा तीच, पोरं तीच. फक्त पावती छापून घेतली.

शाळेचा टाय ही इंजिनिअरिंगच्या दृष्टीने स्वतंत्र वस्तू आहे. त्याची गाठ कारखान्यातच बांधून, शिवून येते आणि मागे इलास्टिक असतं. त्यामुळे बारा वर्षं न चुकता टाय घातलेल्या मुलालाही टाय बांधता येत नाही! पण हा टाय निरुपयोगी म्हणाल तर मात्र अन्याय होईल. त्याने पाटी पुसता येते, नाक पुसता येतं, गणिताच्या तासाला टोक चावता येतं आणि मधल्या सुट्टीत समोरच्याचा धरून ओढला की इलास्टिकमुळे तो परत जाऊन त्याच्याच हनुवटीवर चापटतो. हूकचा नियम (म्हणजे ताण आणि ताणलं जाणं यांचं प्रमाण) मी फिजिक्सच्या फार आधी तिथे शिकलो. एक होतं, टाय विसरला की दहा रुपये दंड. डबा विसरला तर कुणी विचारायचं नाही. मुलींनाही तोच टाय आणि तोच दंड होता. मात्र दहावी झाली की मुलींच्या गळ्यातला टाय बहुतेक वेळा कायमचा सुटतो. मुलांचा सहा-सात वर्षं रजेवर जातो आणि फायनल इयरला परत रुजू होतो.

बाकी गळ्याभोवती कापड गुंडाळायला आपल्याला कुणा गोऱ्या साहेबाने शिकवलेलं नाही. उपरणं आहे, शेला आहे, पंचा आहे, आणि आमच्याकडची दस्ती तर आहेच. दस्ती म्हणजे तुमच्या पुण्याकडचा मोठा रुमाल. आमचे आजोबा दस्तीशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. घाम पुसायला दस्ती, ऊन लागलं की डोक्याला दस्ती, धूळ उडाली की नाकाला दस्ती. बाजारातून शेंगा आणायच्या तर तिचीच पिशवी, एस. टी.ची जागा धरायची तर खिडकीतून आत टाकायला तीच, आणि झाडाखाली टेकायचं तर अंथरायलाही तीच. एका चौरस कापडाची एवढी कामं! टाय घेऊन यातलं एक तरी काम करून दाखवा. घाम पुसाल तर टाय जाईल ड्रायक्लीनिंगला, आणि त्याचं बिल बघून पुन्हा घाम येईल. एस. टी.त टाकलात तर जागाही जाईल आणि टायही.

मजा म्हणजे टायचे पूर्वजही असेच कामाचे होते. चीनचा सम्राट छिन श्र-ह्वांग याच्या थडग्याशी जी मातीच्या सैनिकांची फौज सापडली, इसवी सनापूर्वी २१० च्या आसपासची, त्या सैनिकांच्या गळ्यात रुमाल गुंडाळलेले दिसतात. रोमन सैनिकही असं कापड बांधत. पण आजच्या टायचा खापरपणजोबा क्रोएशियाचा. युरोपात १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं लढाई चालली. त्यात फ्रान्सच्या बाजूने भाड्याने लढायला क्रोएशियन शिपाई आले. त्यांच्या गळ्याला रंगीत कापडाची गाठ असे. फ्रेंचांना ती आवडली. 'क्रोआत' लोकांचं कापड म्हणून त्याला 'क्रावात' नाव पडलं. पुढे ते चौदाव्या लुईच्या गळ्यात गेलं, आणि राजाला आवडलं ते दरबाराला आवडलंच. दरबाराला आवडल्यावर सगळ्या युरोपला आवडायला कितीसा वेळ लागतो? शिपायाचं कामाचं फडकं राजाने उचललं आणि तिथपासून त्याचं काम सुटलं, लेस लागली. क्रोएशियात आजही १८ ऑक्टोबरला टायचा दिवस साजरा होतो. २००३ साली तर पुला नावाच्या गावातल्या (आपल्या पु. लं.शी काही संबंध नाही) जुन्या रोमन रंगमंडलाला त्यांनी ८०८ मीटर लांबीचा लाल टाय गुंडाळला. वाटूरला कुणी एवढं कापड आणलं असतं तर गणपतीच्या मंडपासाठी मागून नेलं असतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात कचेऱ्या आल्या, कारकून आले, सकाळची लोकल आली. लेसचं उपरणं बांधत बसायला वेळ कुणाला? मग लांब, अरुंद, झटकन बांधता येईल असा टाय आला. त्याच्या सगळ्यात सोप्या गाठीचं नाव 'फोर-इन-हँड'. चार घोड्यांचे लगाम एका हातात धरणाऱ्या गाडीवानाशी या नावाचा संबंध जोडतात. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण लगाम म्हणजे आपला कासराच. आणि पोळ्याला बैलाला नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात घुंगुरमाळ, अंगावर झूल घालून गावातून मिरवतात ते आठवून बघा. सूट, टाय, पॉलिशचे बूट, हातात फाइल, रांगेत उभं राहून एकेक जण आत... कॅम्पस इंटरव्ह्यूला पोळा म्हणायला हरकत नाही. फक्त पोळ्याला त्या दिवशी बैलाकडून काम करून घेत नाहीत आणि पुरणपोळी खाऊ घालतात.

शहरातल्या मित्रांसाठी आणखी एक शब्द सांगतो. गाय किंवा गोऱ्हा फार पळका असला की त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात. चालताना तो पुढच्या पायांवर आपटत राहतो, म्हणून जनावर पळत नाही. त्याला म्हणतात लोढणं. गळ्यापासून निघून पोटापर्यंत लोंबणारी, दुसरा काही उपयोग नसलेली पण जनावराला शिस्तीत ठेवणारी वस्तू. यापेक्षा टायची नेमकी व्याख्या मला कुठल्याही डिक्शनरीत सापडली नाही.

आता थोडी तांत्रिक बाजू, नाहीतर आमचे सर म्हणतील मराठी विभागात मेकॅनिकलची मुलं नुसत्या गप्पा मारतात. जुने टाय कापडाच्या उभ्या धाग्यात सरळ कापायचे. ते पिळायचे, सुरकुतायचे, गाठ सोडली तरी वाकडेच राहायचे. १९२४ साली न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या टाय बनवणाऱ्याने पेटंट घेतलं : कापड धाग्याला ४५ अंशांत तिरकं कापायचं आणि टाय तीन तुकडे जोडून शिवायचा. यात विशेष काय? खिशातला रुमाल काढा आणि कडेला समांतर ओढा. ताणत नाही, कारण धागाच ओढला जातोय. आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढा. मस्त ताणतो! इथे धागा लांब होत नाही, ताण्याबाण्यातला काटकोन बदलतो. चौकोनाचा समभुज चौकोन होतो, आणि सोडलं की तो बराचसा पूर्ववत होतो. एस. ओ. एम.मध्ये आपण शीअर शिकतो ते हेच. म्हणून चांगला टाय गाठीत वळतो आणि सोडल्यावर सरळ लोंबतो. मागची शिवणही मुद्दाम सैल, एका लांब धाग्याची असते. त्या धाग्याला आत थोडी ढील दिलेली असते, म्हणजे टाय ताणला तरी धागा तुटत नाही. गळ्यात घालून बसायच्या वस्तूवर एवढं डोकं चालवलेलं बघून मला आधी हसू आलं, मग थोडा आदर वाटला.

पण खरी मेजवानी गाठींची आहे. १९९९ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोघांनी 'नेचर'मध्ये निबंध छापला की नेहमीच्या टायच्या एकूण ८५ गाठी शक्य आहेत. 'नेचर'मध्ये! आपले प्राध्यापक जिथे एक पेपर छापून यावा म्हणून झुरतात तिथे. त्यांची पद्धत इतकी सोपी आहे की कँटीनच्या टेबलावर करता येते. टाय गळ्यात टाकला की छातीवर तीन भाग पडतात : डावा, उजवा आणि मधला, वरचा. रुंद टोक दर चालीत एका भागातून दुसऱ्या भागात जातं. त्याच भागात लगेच पुन्हा जाता येत नाही. शेवटी समोरून एकदा आडवं जायचं, मग मधून वर यायचं आणि पुढच्या वेढ्यातून खाली खुपसायचं. त्रिकोणी जाळीवरची ही चाल झाली. गणितात हिला रँडम वॉक म्हणतात, गमतीने दारुड्याची चाल. कमीत कमी तीन चाली लागतात. नऊच्या पुढे गेलं तर टायची लांबीच संपते आणि तो बिबसारखा दिसतो.

तीन चालींची गाठ १, चार चालींची १, पाचच्या ३, सहाच्या ५, सातच्या ११, आठच्या २१, नऊच्या ४३. बेरीज करा, ८५. आणि या आकड्यांत एक लय आहे : प्रत्येक आकडा म्हणजे आधीचा आकडा अधिक त्याच्या आधीच्याची दुप्पट. ५ म्हणजे ३ अधिक १ ची दुप्पट, ११ म्हणजे ५ अधिक ३ ची दुप्पट. एम-थ्रीच्या पेपरात हे आलं असतं तर मी पास झालो असतो की नाही माहीत नाही, पण प्रश्न तरी आवडला असता. चार चालींची ती एकुलती एक गाठ म्हणजे आपली फोर-इन-हँड. आठ चालींची भरदार, दोन्ही बाजूंनी सारखी गाठ म्हणजे विंडसर. १९३६ साली ज्याने इंग्लंडची गादी सोडली त्या ड्यूक ऑफ विंडसरचं नाव तिला मिळालं. खुद्द ड्यूक जाड अस्तराचे टाय शिवून घेऊन साधीच गाठ मारायचा असं सांगतात. ८५ पैकी तेव्हा चारच गाठी सर्रास वापरात होत्या. फिंक आणि माओ यांनी त्यात दिसायला बऱ्या अशा सहा नव्या गाठींची भर टाकली. पुढे २००३ चा 'मॅट्रिक्स रीलोडेड' बघून काही गणितज्ञांच्या लक्षात आलं की त्यातल्या एका पात्राच्या टायच्या गाठी या ८५ मध्ये बसतच नाहीत. त्यांनी नियम सैल करून पुन्हा मोजलं, आणि २०१५ मध्ये छापलेला आकडा आला २,६६,६८२. आपल्या होस्टेलला यांतली एक येते. तीही एका विंगमध्ये एकालाच.

शरीराचं काय होतं? २०१८ साली जर्मनीतल्या कील इथल्या डॉक्टरांनी तीस तरुण घेतले. पंधरांना विंडसर गाठीचा टाय आवळायला लावला, पंधरांना तसंच ठेवलं आणि सगळ्यांच्या मेंदूचा एम. आर. आय. काढला. टायवाल्यांच्या मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह सरासरी ७.५ टक्क्यांनी कमी झाला. धडधाकट माणसाला एवढ्याने काही होत नाही म्हणे. पण ज्या अर्ध्या तासात मेंदूची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच अर्ध्या तासात आपण त्याचा नळ साडेसात टक्के बंद करून बसतो. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हटल्यावर स्वतःचं नावही आठवत नाही याचं शास्त्रीय कारण आता तुमच्याकडे आहे. त्याआधी २००३ मध्ये घट्ट टायमुळे डोळ्यातला दाबही वाढतो असं दिसून आलं होतं.

वर्कशॉपमध्ये तर टाय सरळसरळ धोक्याचा. लेथचा स्पिंडल मिनिटाला शेकडो फेरे घेत असतो, त्याला लोंबतं टोक मिळालं की पुढचं तो थांबून विचारत नाही. सैल बाह्या, ओढणी, टाय, सगळ्याला बंदी आहे ती उगाच नाही. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समध्ये नीस शहरात मोटारीतून जाताना गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकून गेली. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या ताईंनी ओढणी नीट बांधून बसायचं ते यासाठीच.

उकाड्याचा उपाय जपानने केला. २००५ च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारने 'कूल बिझ' नावाची मोहीम काढली. कचेरीचा ए. सी. २८ अंशांवर ठेवा आणि साहेबांपासून कारकुनापर्यंत सगळ्यांनी कोट-टाय काढा. वीज वाचवायला! आपल्याकडेही वकिलांना खालच्या कोर्टांत पांढऱ्या बँडऐवजी काळा टाय चालतो, आणि उन्हाळ्यात तिथे काळ्या कोटाची सक्ती नसते. जालन्याच्या उन्हात बारकं पोर मात्र टाय लावून काळी-पिवळीत पाचव्या सीटवर बसतं, त्याच्यासाठी अजून कूल काही निघालेलं नाही.

इथपर्यंत लिहून झाल्यावर टायची चांगली जिरवली असं वाटलं. पण फाट्यावरच्या त्या तिघांखेरीज आमच्या भागात गावोगाव आणखी एक जण टाय घालून उभा असतो, बारा महिने, ऊन-पावसात. निळा कोट, बहुधा लाल टाय, डोळ्यांवर चष्मा, हातात संविधान. त्याला मात्र कुणाकडे काही मागायचं नाही, आणि माझा फाट्यावरचा नियम तिथे येऊन साफ मोडतो.

बाबासाहेबांचा कोट-टाय समजायचा तर आधी कुणी काय घालायचं हे गाव ठरवत असे तो काळ लक्षात घ्यावा लागतो. इंदूरकडच्या काही गावांत १९२८ साली सवर्णांनी तिथल्या बलाई समाजाला नियमच घालून दिले होते : जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बाबासाहेबांनी हे उदाहरण १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दिलं आहे. त्याआधी १९२७ च्या डिसेंबरात महाडला बायांसमोर बोलताना त्यांनी लुगडं कसं नेसायचं यावरही सांगितलं होतं, कारण नेसण्यावरून जात ओळखू यावी ही व्यवस्थाच होती. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला, पुढे लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस थ्री-पीस सूट घालतो, टायची गाठ नीट मारतो, तेव्हा तो फॅशन करत नसतो. मला काय घालायचं ते गाव ठरवणार नाही, एवढं तो एकही शब्द न बोलता सांगत असतो. १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांच्या संस्थेचं कॉलेज सुरू झालं, त्याचंच पुढे मिलिंद झालं. तिथे मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलांनी हा माणूस डोळ्यांनी पाहिला, आणि त्यांच्यासाठी टाय म्हणजे लोढणं कधीच नव्हतं.

मग टाय घालणं बरोबर की काढणं? इथे घोळ वाढतो. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या मुलासाठी मेजवानी होती. सगळे हिरे-माणकं घालून आलेले, आणि महात्मा फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले, की राजपुत्राला खरी प्रजा दिसावी. त्याच वर्षी गांधी नावाचा एक विद्यार्थी लंडनला पोचला. तिथे तो आरशासमोर टाय नीट करण्यात रोज दहा मिनिटं घालवायचा, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिलं आहे. तोच माणूस १९३१ साली गोलमेज परिषदेला गेला आणि बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जच्या समोर पंचा नेसून उभा राहिला. त्याच परिषदेत बाबासाहेब सुटात. आणि अगदी परवा, २०२१ मध्ये, न्यूझीलंडच्या संसदेत माओरी खासदार राविरी वाइटिटी यांनी टाय घालायला नकार दिला. टायला त्यांनी वसाहतवाद्यांचा फास म्हटलं आणि त्याऐवजी गळ्यात माओरी पदक घातलं. सभापतींनी बाहेर काढलं. पुढे दोन दिवसांत तिथली टायची सक्तीच उठली. एकाने घातला, दुसऱ्याने घालून काढला, तिसऱ्याने घातलाच नाही, आणि फुल्यांपुढे तर तो प्रश्नच आला नव्हता. पण चौघांनीही समोरच्याने आपल्यासाठी ठरवलेला पोशाख नाकारला. टाय बिचारा दोन्हीकडे सारखाच, रेशमाची पट्टी.

हे सगळं आपल्या होस्टेलमध्ये कुठे बसतं ते सांगतो. पूर्वी तालुक्याच्या फोटो स्टुडिओत खिळ्याला एक कोट आणि गाठ मारलेला टाय टांगलेला असायचा. फॉर्मच्या फोटोसाठी आलेला प्रत्येक जण तोच घालायचा, त्यामुळे गावातल्या निम्म्या माणसांच्या फोटोत एकच कोट असे. आता कॉम्प्युटरवर कोट चिकटवतात, मान एकीकडे आणि कॉलर दुसरीकडे. माझ्या एका मित्राचे वडील दुसऱ्याची शेती बटईने करतात. याने प्लेसमेट सेलच्या फॉर्मसाठी मागच्या वर्षी पहिल्यांदा टाय बांधून फोटो काढला. वडिलांनी तो मोठा करून मागवला आणि घरी बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला. नोकरी अजून लागायची आहे. फोन केला की ते कंपनीचं विचारत नाहीत, अभ्यासाचं विचारत नाहीत, "टाय जपून ठेवलास ना?" एवढंच विचारतात. तो टाय दुसऱ्या कुणाचा तरी होता, हे त्याने त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कारण आपल्या होस्टेलमधले बहुतेक टाय हे लग्नाचे आहेत. थोरल्या भावाच्या नाहीतर मामाच्या सुटाबरोबर आलेले, मरून नाहीतर सोनेरी, चकाकणारे, डांबरगोळ्यांच्या वासाचे. कपड्याच्या दुकानदाराने लग्नाच्या दिवशी जी गाठ मारून दिली तीच आजतागायत शाबूत. डोक्यातून घालायचा, काढायचा, खिळ्याला टांगायचा, जनावराच्या दाव्यासारखा. असा टाय घालून आपण आत जातो तर समोर कंपनीचे साहेब टी-शर्टमध्ये, गळ्यात नुसती ओळखपत्राची पट्टी. फाट्यावरचा नियम इथे परत लागू! पण आपण टाय काढून जायची सोय नाही. तो काढायचा मान टी-शर्टवाल्याकडे असतो, आपल्याकडे नाही. तेव्हा घालायचाच आहे तर निदान स्वतःच्या हाताने बांधू.

आरशासमोर उभं राहा. कॉलर उभी करा. टाय असा टाका की रुंद टोक उजवीकडे येईल आणि अरुंद टोकापेक्षा वीत-दीड वीत खाली लोंबेल. रुंद टोक अरुंदाच्या वरून डावीकडे न्या, खालून परत उजवीकडे, मग पुन्हा वरून डावीकडे. आता गळ्याच्या वेढ्यातून खालून वर काढा आणि समोर जो आडवा पट्टा झालाय त्याच्या आतून खाली ओढा. अरुंद टोक धरून गाठ वर सरकवा. टोक बेल्टच्या बक्कलापर्यंत यायला हवं. छातीवर थांबलं तर पहिलीतलं पोर वाटाल, खाली गेलं तर बक्कल झाकून सोडवणारं कुणी नसेल. गाठ आणि गळा यांच्यात एक बोट जाईल एवढी जागा ठेवा, साडेसात टक्के वाचतील. काढताना अरुंद टोक हिसडून ओढू नका, आलात त्याच पायऱ्यांनी उलटे जा, म्हणजे तिरक्या कापडाला पीळ बसत नाही. रात्री गुंडाळी करून ठेवला की सकाळी सुरकुत्या नसतात. मेसच्या भिंतीला गरम भांडं लावून इस्त्री करायचा प्रकार टायवर करू नये, पॉलिस्टर चिकटतं.

आणि बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरून नेलेला मरून टाय ज्याच्याकडे असेल त्याने परत आणून द्यावा. सहा जणांचे इंटरव्ह्यू त्यावर झाले, त्याच्या मालकाचा अजून व्हायचाय.